उरलेले ८३९ रुपये वेटरकडे परत मागितले, माझं चुकलं का?

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही इंदूरचेच, रामबागेत राहतो. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून गेल्या रविवारी घरचे अकरा जण विजयनगरच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो होतो. वेटर पहिल्यापासूनच जरा जास्तच पुढे पुढे करत होता. न मागवता दोन प्लेट पनीर टिक्का आणून ठेवल्या, 'आंटीजी, आपके लिए स्पेशल लगवा दिया' म्हणाला, आणि मग त्या बिलात लागल्या. सासऱ्यांनी गुलाबजाम मागितला तर म्हणे 'दादाजी, इस उमर में मीठा कम करो'. बिल यायच्या आधी माझा मोबाइल मागायला लागला, पाच स्टार मीच टाकून देतो म्हणून. बिल आलं ७,१६१ रुपये, त्यात ६२० रुपये सर्व्हिस चार्ज होता, तो सरकारी टॅक्स असतो ना, म्हणून काही बोललो नाही. मी ८,००० दिले. बराच वेळ झाला तरी उरलेले पैसे येईनात म्हणून विचारलं तर सगळ्यांसमोर म्हणाला, 'इतनी बड़ी पार्टी है आंटीजी, इतना तो बनता है.' मी म्हटलं, नाही, पैसे घेऊन या. आणले, पण फोल्डर टेबलावर आपटलं. भाचा न्यू जर्सीहून आलाय, त्याला इतकं ओशाळल्यासारखं झालं की त्यानं गपचूप १,००० रुपये काढून त्यात ठेवले, तिकडे वीस टक्के द्यावेच लागतात म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, पोटासाठी राबतो बिचारा, चांगल्या दिवशी असं करू नये. हे तर अजून नीट बोलत नाहीयेत, आठशे रुपयांसाठी चारचौघांत शोभा केलीस म्हणतात. एक दुसरा लहानसा पोरगा होता, त्यानं सासऱ्यांना पायऱ्यांवर हात दिला, न सांगता तीनदा कोमट पाणी आणून दिलं, त्याला मात्र कोणीच काही दिलं नाही ही एक रुखरुख राहिली. पुढच्या महिन्यात मुलाची मुंज आहे, आदल्या रात्रीचं साठ जणांचं जेवण ह्यांना तिथेच करायचंय. माझं चुकलं का? आणि टिप द्यायची तरी किती?

उत्तर:

नाही, तुमचं अजिबात चुकलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. तुम्ही आठ हजार दिले ते बिल भरायला दिले, बिल ७,१६१ चं होतं, उरलेले ८३९ तुमचे. ते तुमच्या हातात परत येईपर्यंत टिपचा विषयच सुरू होत नाही. त्यातले तुम्ही शंभर ठेवा, तीनशे ठेवा, सगळे ठेवा नाहीतर एक रुपया ठेवू नका, तो निर्णय पैसे टेबलावर आल्यानंतरचा आणि तो फक्त तुमचा. वेटरनं तो मधल्यामध्ये परस्पर घेऊन टाकला, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा 'इतना तो बनता है' म्हणून वर तुम्हालाच ऐकवलं. शोभा झाली म्हणता ना, ती त्या वाक्यानं झाली. तुम्ही फक्त आपले पैसे मागितलेत, तेही आवाज न चढवता.

तुमच्या ह्यांना हे नक्की सांगा, कारण आपल्याकडे हे फार होतं, की समोरचा माणूस चारचौघांत अडचणीत टाकतो आणि आपलेच लोक अडचणीत पडणाऱ्यालाच गप्प बस म्हणतात. पाहुणे बसलेत, म्हातारी माणसं बसलीत, आता ही बाई काही बोलणार नाही, हे असा वेटर बरोबर ओळखून असतो. साध्या मंगळवारी दोघं जण डोसा खायला गेला असतात तर त्यानं हे केलं नसतं. चांगल्या दिवशी असं करू नये हे सासूबाईंचं म्हणणं मला पटतं, पण ते त्याला लागू आहे, तुम्हाला नाही.

चांगला वेटर ही वेळ कशी सांभाळतो ते कधी लक्ष देऊन बघा. तो उरलेले पैसे फोल्डरमध्ये किंवा बडीशेपेच्या ताटलीत आणून ठेवतो, 'थँक्यू सर' म्हणतो आणि तिथून निघून जातो. पाण्याचा जग उचलेल, शेजारच्या टेबलाकडे वळेल, पण तुमच्या हाताकडे बघत उभा राहणार नाही. आणि जो खरा मुरलेला असतो तो दोनशेच्या चार नोटा आणत नाही, त्यातले थोडे पन्नास-शंभरच्या नोटांमध्ये आणतो, म्हणजे तुम्हाला ठेवायचं असेल तर सोयीचं पडावं. ह्यात काही वाईट नाही, ही त्याची हुशारी आहे, त्याला टिप हवीच आहे आणि हवी असण्यात लाज कसली. पण देणाऱ्याला तेवढा एक मिनिट मोकळा मिळतो. तुमच्याकडून तोच मिनिट काढून घेतला गेला, म्हणून इतक्या दिवसांनी पण तुमच्या मनातनं जात नाहीये, रक्कम आठशेची होती की ऐंशीची ह्यानं फरक पडत नाही.

आता त्याच्या बाकीच्या वागण्याबद्दल. तुम्ही सगळं एकाच माळेत ओवलंय पण मला ते वेगवेगळं वाटतं. आपल्या माळव्यात मनुहार करून, म्हणजे आग्रहानं, वाढायची पद्धत आहे, दाल-बाफल्याच्या जेवणाला बसलं की वाढणारा नको नको म्हणेस्तोवर तुपाची धार सोडतो, 'एक और लो काकाजी' म्हणत राहतो, आणि त्यात आपल्याला आनंदच होतो. तिथे ताटाचा भाव ठरलेला असतो, आग्रहानं बिल वाढत नाही. त्यामुळे आंटीजी, दादाजी, थोडी जवळीक, थोडी बडबड, ह्याचा राग मानू नये असं मला वाटतं, निम्म्या इंदूरची भाषाच ती आहे. गुलाबजामबद्दल तो बोलला ते मात्र अगाऊपणाचंच, ऐंशीच्या घरातल्या माणसाला लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला गोड खाऊ नका सांगणारा हा कोण, पण त्यावर तिथल्या तिथे हसत हसत 'भैया, आज इनका दिन है, दो लाओ' एवढं म्हटलं की पुरतं.

पनीर टिक्क्याच्या दोन प्लेटी ही गोष्ट वेगळी. तो पैशांचा मामला आहे. 'आपके लिए लगवा दिया' ऐकलं की आपल्याला वाटतं हॉटेलकडून आहे, मग आपण कौतुकानं खातो, आणि बिलात दोन ओळी वाढलेल्या दिसतात. ह्याला उपाय एकच, प्लेट टेबलावर टेकायच्या आधी विचारायचं, 'ये हमने मंगाया नहीं, बिल में लगेगा क्या?' लागेल म्हणाला तर परत. अकरा माणसांच्या गडबडीत हे सुचत नाही मला माहितीये, म्हणून अशा वेळी घरातल्या एकानंच ऑर्डर सांगायची आणि वेटरला पहिल्यांदाच सांगून ठेवायचं की ह्यांनी सांगितल्याशिवाय काही आणू नका. तसंच पाण्याचं. आल्या आल्या बाटल्यांची झाकणं फिरवायला लागतात, आधी हात दाखवून थांबवा आणि साधं पाणी हवं तर साधं सांगा. बाटलीवर एमआरपीपेक्षा जास्त लावलं म्हणून नंतर भांडायला जाऊ नका पण, कारण बसून खायच्या जागी हॉटेल एमआरपीच्या वर लावू शकतं असं सुप्रीम कोर्टानं २०१७ साली सांगितलंय.

आणि मोबाइल. तो कधीच कोणाच्या हातात द्यायचा नाही, पाच स्टार टाकायला तर नाहीच. बऱ्याच जागी मालक पोरांना सांगतात की रिव्ह्यूमध्ये नाव आलं पाहिजे, म्हणून बिचारे मागे लागतात, तेवढं समजून घ्या, पण आपल्या फोनमध्ये आपले फोटो असतात, बँक असते, यूपीआय असतं. 'घरी जाऊन टाकते' एवढं म्हणायचं आणि फोन पर्समध्ये.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट, आणि ती तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेलात. सर्व्हिस चार्ज हा सरकारी टॅक्स नाहीये हो! सर्व्हिस टॅक्स नावाचा एक कर होता, तो १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा संपला. आता जेवणाच्या बिलावर सरकारचं जे काय आहे ते फक्त जीएसटी, साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के, बिलात ते सीजीएसटी अडीच आणि एसजीएसटी अडीच असं दोन ओळींत दिसतं. (मोठ्या हॉटेलात, जिथे खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर असतं, तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागतो.) सर्व्हिस चार्ज हॉटेलवाला स्वतः लावतो आणि तो त्याच्याच गल्ल्यात जातो. त्यातनं वेटरला किती मिळतं, मिळतं की नाही, हे प्रत्येक मालकावर आहे.

आणि तो असा आपोआप बिलात लावायची परवानगीच नाहीये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला नियमावली काढली, त्यात स्पष्ट लिहिलंय की कुठल्याही हॉटेलनं किंवा रेस्टॉरंटनं सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावू नये, दुसरं कुठलं नाव देऊन पण घेऊ नये, ग्राहकावर जबरदस्ती करू नये, हे ऐच्छिक आहे असं त्याला सांगावं, आणि देत नाही म्हणून आत यायला अडवू नये. रेस्टॉरंटवाल्यांच्या दोन संघटना ह्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, म्हणून मधली अडीच-पावणेतीन वर्षं कोणालाच काही कळेना की नक्की काय चालू आहे. मग २८ मार्च २०२५ ला हायकोर्टानं त्यांच्या याचिका फेटाळल्या, नियमावली बरोबर आहे म्हणून सांगितलं आणि दोन्ही संघटनांना एक-एक लाख रुपये भरायला लावले. तरी अजून बिलात ही ओळ दिसते, कारण तुमच्यासारखे निम्मे लोक ती टॅक्स समजून भरतात आणि उरलेल्यांना काउंटरवर बोलायला संकोच वाटतो.

तुमच्या बिलाचा हिशोब मी मांडून बघितला. जेवण ६,२०० चं, त्यावर १० टक्के म्हणजे ६२०, झाले ६,८२०, आणि मग त्या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी ३४१, म्हणून ७,१६१. म्हणजे सर्व्हिस चार्ज तर घेतलाच, वर त्याच्यावर पण जीएसटी घेतला, आणि असं बेरजेत धरून त्यावर जीएसटी लावायचा नाही हे पण त्याच नियमावलीत आहे. नुसत्या जेवणाचं बिल ६,५१० व्हायला हवं होतं. ६५१ रुपये तिथेच जास्त गेले. त्यात भाच्याचे हजार धरा, १,६५१ झाले, जेवणाच्या रकमेच्या सव्वीस टक्क्यांच्या वर! भाच्याच्या अमेरिकेत पण एवढे देत नाहीत. आणि त्या दोन प्लेटी अजून मी ह्यात धरलेल्याच नाहीत. हा हिशोब ह्यांना कागदावर मांडून दाखवा, मला वाटतं ते आठशे रुपयांची गोष्ट मग काढणार नाहीत.

भाच्यावर रागावू नका बरं का, त्यानं आपल्या सवयीनं केलं. तिकडची व्यवस्थाच वेगळी आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकानं तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतं, हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही, आणि बाकीच्यांसाठीचा किमान दर आहे ७.२५ डॉलर. मधली तूट टिपमधनं भरून निघेल हे कायद्यानंच गृहीत धरलंय, नाही भरली तर मालकानं भरायची. काही राज्यांचे आपले दर ह्याहून जास्त आहेत, पण एकूण पद्धत ही अशी, त्यामुळे तिथे पंधरा-वीस टक्के न देणं म्हणजे जवळजवळ त्या माणसाचा पगार मारणं होतं, मशीनवरच १८, २०, २५ अशी बटणं येतात. आपल्याकडे टिप येते म्हणून किमान वेतनापेक्षा कमी द्या अशी सोय मालकाला नाही. काही मालक देत नाहीत ही खरी गोष्ट आहे, पण ती मालकाची चोरी आहे, तिची भरपाई अकरा जणांच्या टेबलावरनं परस्पर वसूल करायची नसते. भाच्याला प्रेमानं सांगा, इथे बसलास की आधी मामीला विचार.

मग द्यायची किती? इंदूरचं सांगते. सकाळी पोहे-जलेबी, छप्पन दुकानं, रात्रीचा सराफा बाजार, जिथे आपण उभं राहून खातो आणि देणारा बहुतेक वेळा मालकच असतो, तिथे टिप कोणी देत नाही आणि कोणी वाट पण बघत नाही. थाळीच्या जेवणाला चार माणसं पोटभर जेवली, वाढणाऱ्यानं नीट लक्ष दिलं, तर वीस-पन्नास. एसी फॅमिली रेस्टॉरंटमध्ये, सर्व्हिस चार्ज लावलेला नसेल तर, जेवणाच्या रकमेच्या पाच टक्क्यांपासून दहा टक्क्यांपर्यंत, आणि बिल मोठं असेल तर पाचाकडेच. तुमच्या टेबलाला चांगली सेवा मिळाली असती तर तीनशे-चारशे भरपूर झाले असते. सर्व्हिस चार्ज काढायला तयार नसतील आणि तुम्हाला वाद घालायचा नसेल तर वरती एक पैसा ठेवायची गरज नाही, त्यांनी तो घेऊन झालेला असतो. मी स्वतः विचाराल तर आधी चार्ज काढून घेते आणि मग वेटरच्या हातात रोख देते, म्हणजे मला माहिती असतं की कोणाला दिले.

रोख म्हणते कारण कार्डनं किंवा काउंटरच्या क्यूआरवर दिलेली टिप आधी हॉटेलच्या खात्यात जाते, मग मालक त्याच्या मनात येईल तेव्हा वाटून देणार. हॉटेलनं ती पुढे कर्मचाऱ्यांना दिली तरी ती ग्राहकानं दिलेली रक्कम आहे, मालकानं दिलेला पगार नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१६ साली टीडीएसच्या एका खटल्यात म्हटलंय. हल्ली वेटर आपल्याच फोनवरचा क्यूआर दाखवतात, तुम्ही स्वतःहून 'यूपीआय पे दे दूँ?' विचारलंत तर काही हरकत नाही, पण बिलासोबतच तो फोन पुढे आला तर सरळ नाही म्हणा.

आणि वेटर अगाऊ असला तर टिपचं काय करायचं, हे पण सांगून ठेवते. माझं मत सांगते, नुसतं तोंड जास्त चालत असेल पण काम चोख असेल तर नेहमीसारखी द्या. पैशात हात घातला, म्हणजे न मागवलेलं आणलं, सुट्टे ठेवून घेतले, तोंडानं रक्कम सांगितली, तर देऊ नका, आणि का देत नाही ते एका वाक्यात सांगा. हे सांगणं फार गरजेचं आहे. आपण मनातल्या मनात चिडून काही न ठेवता उठून जातो, त्याला वाटतं कंजूस लोक होते, आणि पुढच्या टेबलावर तो तेच करतो. 'भैया, सर्विस अच्छी थी, पर छुट्टे खुद रख लिए इसलिए नहीं दे रही' एवढंच, आणि उठायचं. चारचौघांत नको वाटलं तर बाहेर पडताना काउंटरवर.

तो लहान पोरगा, त्याच्याबद्दलची तुमची रुखरुख मला फार पटली. टेबलाची टिप बहुतेक ठिकाणी ऑर्डर घेणाऱ्याच्या हातात पडते, कुठे डब्यात जमा करून रात्री सगळ्यांत वाटतात आणि कुठे नाही, प्लेटी उचलणाऱ्या, पाणी देणाऱ्या पोरांपर्यंत पोचतेच असं नाही. त्यामुळे ज्यानं खरं केलं त्याच्याच हातात द्यायची, 'बेटा, ये तुम्हारे लिए' म्हणून, मग टेबलावर बाकी काही ठेवा न ठेवा. ह्यात काही वावगं नाही, आणि सासूबाईंना पण हे आवडेल. त्यांच्या मनातली दया खरी आहे, दुपारी येऊन रात्री बारा-साडेबाराला सुटणारी ही पोरं दिवसभर उभीच असतात. पण ती दया आपण ठरवून, आपल्या हातानं, आपल्याला वाटेल त्याला द्यायची असते ना.

आता पुढचं काम. बिल जपून ठेवलं असेल, नसेल तर भाच्यानं फोटो काढलाय का बघा. रेस्टॉरंटच्या मॅनेजरला दुपारी चार-पाचच्या सुमाराला फोन करा, जेवणाच्या वेळेला नको, तेव्हा कोणी ऐकत नाही. तीन गोष्टी सांगा, न मागवलेल्या दोन प्लेटी, सर्व्हिस चार्ज, आणि उरलेले पैसे ठेवून घेतले ते. ६५१ परत मागा. व्हॉट्सअॅपवर पण लिहून पाठवा म्हणजे नोंद राहते. पोराला काढून टाका असं म्हणू नका, त्याला कोणीतरी समजावलं पाहिजे एवढंच म्हणा, कारण कित्येकदा ही सवय वरनंच लागलेली असते, पगार कमी देऊन 'टेबल से निकालो' सांगणारा मालकच असतो. नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा, हिंदीत बोलतात, तक्रारीचा नंबर देतात आणि ते हॉटेलला पुढे विचारतात. त्यानंही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण ६५१ रुपयांसाठी तिथपर्यंत जायची पाळी सहसा येत नाही, १९१५ चं नाव काढलं तरी बरेच मॅनेजर बिल दुरुस्त करून देतात.

आणि मुंजीचं जेवण. फोनवर तो मॅनेजर कसा बोलतो त्यावरच ठरवा, दुसरी कसोटी लागणारच नाही. नीट बोलला, पैसे परत केले, तर तिथेच करा, ह्यांचंही मन राहील. पण बुकिंग करताना हे सगळं कागदावर घ्या, म्हणजे दर ताटामागे किती, जीएसटी धरून की वेगळा, सर्व्हिस चार्ज नाही असं स्पष्ट, गोड कितीदा फिरेल, पाण्याच्या बाटल्या आत की बाहेर, साठाच्या वर माणसं आली तर दर काय, आणि अॅडव्हान्सची पावती. साठ जणांत दहा टक्के म्हणजे सहा माणसांचं जेवण होतं, म्हणून सर्व्हिस चार्जची ओळ सोडू नका. वाढणाऱ्यांना जे द्यायचं ते एका पाकिटात घालून शेवटी ह्यांनी कॅप्टनच्या, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाच्या, हातात द्यावं, सगळ्या पोरांसमोर, रक्कम बोलून, म्हणजे वाटणी सगळ्यांना माहिती राहते, आणि कार्यक्रम चालू असताना कोणी पाहुण्यांपुढे हात करायचा नाही हे कॅप्टनला सकाळीच सांगून ठेवा. मॅनेजर उडवाउडवी करायला लागला तर ह्यांना फोन स्पीकरवर ऐकवा आणि दुसरीकडे बघा, महिना आहे अजून हातात, पण मुंजीच्या दिवसांत हॉल लवकर भरतात, म्हणून हा फोन ह्याच आठवड्यात करून टाका.